महिन्याच्या मध्यात प्रसूती रजा : अपुऱ्या महिन्याचा पगार कसा काढावा?

भोसरी, तळवडे, चिखली आणि चाकण या पट्ट्यात आपल्या अनेक बांधवांची छोटी-मोठी वर्कशॉप आहेत. कुणाचे प्रेसकाम आहे, कुणाचे पावडर कोटिंग, कुणाची बेकरी, तर कुणाचे शिवणकाम. या ठिकाणी वायर हार्नेस जोडणे, रबरी भागांची तपासणी, पॅकिंग आणि हिशेब लिहिणे ही कामे पुष्कळदा भगिनी करतात. आपल्या घरातील लेकी-सुनाही याच पट्ट्यातील कारखान्यांत नोकरीला जातात. म्हणून या लेखाचा विषय मालक आणि कामगार या दोघांच्याही कामाचा आहे.

प्रसूती रजा पहिल्या तारखेला क्वचितच सुरू होते. कुणाची ९ तारखेला, कुणाची १७ तारखेला. मोठ्या कंपनीत पगाराचे स्वतंत्र खाते असते, संगणकातून आकडा बाहेर पडतो. दहा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपमध्ये मात्र मालक स्वतः किंवा त्याचा हिशेबनीस मस्टर पुढे घेऊन बसतो आणि विचार करतो, महिन्याचा पगार तीसने भागायचा की सव्वीसने? गुरुवारची सुट्टी धरायची की सोडायची? उत्तर चुकले तर दीड-दोन हजारांचा, पुढे वीस हजारांचाही फरक पडतो. बहुतेक वेळा हे नुकसान बाळंतिणीचे होते, आणि तक्रार झाली म्हणजे व्याप मालकाच्या मागे लागतो.

पगार वेगळा, प्रसूतिलाभ वेगळा

पहिली गोष्ट ही समजून घ्यावी की, ज्या महिन्यात रजा सुरू होते त्या महिन्यात दोन निराळ्या रकमा निर्माण होतात. एक, काम केलेल्या दिवसांचा पगार. दुसरी, रजेच्या दिवसांचा प्रसूतिलाभ. दोन्हींचा दर काढण्याची रीत वेगळी, दोन्ही देण्याची मुदत वेगळी, आणि काही वेळा दोन्ही देणारेही वेगळे असतात. ज्या भगिनीचा राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय, आहे तिला पगार मालक देतो आणि प्रसूतिलाभ विमा महामंडळ देते. जिचा विमा नाही तिला दोन्ही रकमा मालकानेच द्यायच्या असतात.

कायदा आज कोठे आहे?

बाळंतपणाच्या रजेचा कायदा आपल्या प्रांताला नवा नाही. मुंबई इलाख्यात तो १९२९ मध्ये झाला. त्याआधी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विधेयकाला जोरदार पाठिंबा दिला होता. स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये सबंध देशासाठी प्रसूती लाभ कायदा आला. त्यात १२ आठवड्यांची रजा होती, ती १ एप्रिल २०१७ पासून २६ आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९६१ च्या कायद्याची जागा तिने घेतली. मात्र रजा व लाभ यांचे मुख्य नियम संहितेत तेच ठेवले आहेत. त्याच दिवशी वेतन संहिता, २०१९ हीसुद्धा लागू झाली. पगारातून किती कापावे, तो कोणत्या तारखेपर्यंत द्यावा, हे आता त्या संहितेत पाहावे लागते.

प्रसूतिलाभाचे नियम कारखान्यांना आणि दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दुकाने व आस्थापनांना लागू आहेत. वेतन संहिता मात्र सर्वच आस्थापनांना लागू आहे. तेव्हा दहाहून कमी माणसे असलेल्या दुकानदारानेही अपुऱ्या महिन्याच्या पगाराचा नियम आपल्याला लागू नाही असे समजू नये.

धडा पहिला : तारीख ठरवा

हिशेबाची सुरुवात आकड्यापासून न करता तारखेपासून करावी. पहिल्या आणि दुसऱ्या बाळंतपणाला एकूण २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस मिळतात. त्यापैकी जास्तीत जास्त ८ आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. दोन किंवा अधिक मुले हयात असतील तर एकूण १२ आठवडे, आणि त्यातील आधीचे जास्तीत जास्त ६. अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे निदान ८० दिवस काम झालेले असावे, ही अट आहे.

एक उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत चालवू. भोसरीतील एका वर्कशॉपमध्ये चौदा माणसे आहेत आणि साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. तेथील एका तपासनीस भगिनीचा महिन्याचा पगार २३,४०० रुपये आहे. पगाराचे तुकडे पाडलेले नाहीत, सगळी रक्कम वेतनच आहे. डॉक्टरांनी दिलेली तारीख १२ ऑगस्ट २०२६. तिच्या आधीचे ८ आठवडे म्हणजे ५६ दिवस मागे मोजले की १७ जून येतो. म्हणून रजा १७ जूनपासून. १६ जून, मंगळवार, हा कामाचा शेवटचा दिवस. १८२ दिवस १५ डिसेंबरला पुरे होतात आणि १६ डिसेंबरला ती कामावर परत येईल.

ही तारीख तिने लेखी कळवावी आणि मालकाने त्या कागदाच्या प्रतीवर सही करून द्यावी. लेखी सूचना वेळेवर दिली नाही एवढ्यावरून लाभाचा हक्क बुडत नाही, परंतु तारखेचा वाद कागदानेच मिटतो. एकच दिवस पगारातही आणि प्रसूतिलाभातही धरता येत नाही, म्हणून शेवटचा कामाचा दिवस आणि रजेचा पहिला दिवस ही जोडी स्पष्ट लिहिलेली असावी.

धडा दुसरा : काम केलेल्या दिवसांचा पगार

जून २०२६ मध्ये ३० दिवस आहेत. गुरुवार ४, ११, १८ आणि २५ तारखेला येतात. म्हणजे कामाचे दिवस २६. हिशेब सोपा राहावा म्हणून सणाची सुट्टी धरलेली नाही. १ ते १६ जूनपर्यंत दोन गुरुवार वजा जाता तिने १४ दिवस काम केले. १७ ते ३० जूनपर्यंत कामाचे १२ दिवस ती रजेवर आहे. १४ आणि १२ मिळून २६, हिशेब जुळला.

आता आपल्या वर्कशॉपमधून तीन पद्धती पाहायला मिळतात.

पहिली पद्धत : पगार भागिले त्या महिन्यातील कामाचे दिवस, गुणिले काम केलेले दिवस. २३,४०० भागिले २६ म्हणजे ९००. ९०० गुणिले १४ म्हणजे १२,६०० रुपये.

दुसरी पद्धत : पगार भागिले महिन्याचे सगळे दिवस, गुणिले १ तारखेपासूनचे सगळे दिवस. २३,४०० भागिले ३० म्हणजे ७८०. ७८० गुणिले १६ म्हणजे १२,४८० रुपये.

तिसरी पद्धत : भागताना ३०, पण गुणताना गुरुवार सोडून १४. म्हणजे ७८० गुणिले १४, येतात १०,९२० रुपये.

तिसरी पद्धत सरळ चुकीची आहे. भागताना गुरुवार मोजले, म्हणून रोजचा दर कमी झाला, आणि देताना तेच गुरुवार वगळले. एकाच भगिनीचे १,६८० रुपये यात बुडाले. तराजूच्या एका पारड्यात एक माप आणि दुसऱ्या पारड्यात दुसरे, असा हा प्रकार आहे. दुकानात आपण असे माप करीत नाही, मग पगारपत्रकात का करावे?

पहिल्या दोन पद्धतींत माप सारखे आहे. तरीही कायद्याच्या कसोटीवर पहिलीच अधिक खरी उतरते. वेतन संहितेचा नियम असा की, गैरहजेरीबद्दल केलेली कपात ही पगाराच्या त्या हिश्श्याहून मोठी असू नये, जो हिस्सा गैरहजेरीचा काळ त्या महिन्यात काम करणे आवश्यक असलेल्या एकूण काळाचा आहे. सोप्या भाषेत, २६ कामाच्या दिवसांपैकी १२ दिवस नसेल तर पगाराचे सव्वीसातले बारा भागच कापता येतात. ते होतात १०,८०० रुपये. दुसऱ्या पद्धतीत कपात १०,९२० रुपयांची होते, म्हणजे मर्यादेपेक्षा १२० रुपये जास्त. रक्कम लहान असली तरी कपात नियमाबाहेर गेली.

सव्वीसचा आकडा नेहमीच खरा नसतो

बरेच मालक महिना कोणताही असो, २६ नेच भागतात. ही सवय ग्रॅच्युइटीच्या हिशेबातून आली आहे. ग्रॅच्युइटीसाठी महिन्याचा पगार २६ ने भागावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिग्विजय वुलन मिल्सच्या खटल्यात मान्य केले आणि पुढे १९८७ मध्ये ते कायद्यातही आले. परंतु तो ग्रॅच्युइटीचा भाजक आहे, गैरहजेरीच्या कपातीचा नव्हे.

समजा, महिना ३१ दिवसांचा आहे आणि त्यात गुरुवार चारच आले. कामाचे दिवस झाले २७. याच पगाराची भगिनी त्यातील १३ दिवस रजेवर आहे. २६ ने भागून कपात केली तर ११,७०० रुपये कापले जातील. खरी कपात सत्तावीसातले तेरा भाग, म्हणजे सुमारे ११,२६७ रुपये. ४३३ रुपये जादा गेले. उलट फेब्रुवारीत कामाचे दिवस २४ असतात. तेथे २६ ने भागले तर कपात कमी होते आणि मालकाचे नुकसान होते. दोघांचेही नुकसान टाळायचे असेल तर मस्टर उघडून त्याच महिन्याचे कामाचे दिवस मोजावेत. दोन मिनिटांचे काम आहे.

रजा सुरू होण्याआधी याच महिन्यात तिने भरपगारी सुट्टी घेतली असेल तर ते दिवस पगाराच्या दिवसांत धरावेत. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिला उभ्याच्या कामावरून बैठ्या, हलक्या कामावर आणले असेल तर त्या कारणाने रोजचा दर कमी करता येत नाही. ओव्हरटाइम झाला असेल तर तो वेगळा जोडावा, दिवसांच्या भागाकारात मिसळू नये.

कपातीच्या दोन गोष्टी

व्यवसाय कराबाबत सवयीने २०० रुपये कापण्याची चूक होते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर माफ झाला आहे. आपल्या उदाहरणातील भगिनीकडून तो पूर्ण महिन्यातही घ्यायचा नाही, अर्ध्या महिन्यात तर नाहीच.

दुसरी गोष्ट उचलीची. सणासाठी किंवा घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेली उचल या अपुऱ्या पगारातून एकरकमी वळती करण्याचा मोह होतो, कारण "आता सहा महिने बाई येणार नाही". असे करू नये. पगारातून होणाऱ्या एकूण कपातीवर कायद्याने निम्म्याची मर्यादा घातलेली आहे. शिवाय औषधपाण्याचा खर्च याच दिवसांत असतो. उरलेली उचल ती परत आल्यावर हप्त्यांनी घ्यावी आणि तसे दोघांच्या सहीने लिहून ठेवावे.

धडा तिसरा : विमा असेल तर

१ जानेवारी २०१७ पासून ईएसआयची पगारमर्यादा दरमहा २१,००० रुपये केली गेली. ही मर्यादा सरकार अधिसूचनेने बदलते, म्हणून हिशेबाच्या वेळी चालू मर्यादा पाहून घ्यावी. वर्षात वर्गणीचे दोन काळ असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काळाच्या मध्येच पगार मर्यादेच्या वर गेला तरी तो काळ संपेपर्यंत विमा चालू राहतो. पगारवाढ दिली आणि लगेच वर्गणी बंद केली, ही चूक ऐन बाळंतपणात उघडी पडते.

त्याच वर्कशॉपमध्ये पॅकिंग करणाऱ्या दुसऱ्या भगिनीचा पगार १६,९०० रुपये आहे आणि तिचीही रजा १७ जूनपासून आहे, असे समजू. १६,९०० भागिले २६ म्हणजे ६५०. ६५० गुणिले १४ म्हणजे ९,१०० रुपये. मालकाने एवढाच पगार द्यायचा आणि वर्गणीही एवढ्यावरच भरायची. १ जुलै २०१९ पासूनच्या दराने कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे ६८.२५, पुढचा पूर्ण रुपया धरून ६९ रुपये. मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे २९५.७५, पूर्ण करून २९६ रुपये. १७ जूनपासून पुढचा प्रसूतिलाभ महामंडळ तिच्या बँक खात्यात देते. तिने आधीच्या सलग दोन वर्गणी-काळांत मिळून निदान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असणे ही त्याची अट.

येथे मालकाचे काम तारखेचे आहे. मस्टर, पगारपत्रक, महामंडळाला पाठवलेला तपशील आणि दाव्याचा कागद, चारही ठिकाणी शेवटचा कामाचा दिवस १६ जून हाच हवा. मालकाने चांगुलपणाने किंवा नजरचुकीने पूर्ण जूनचा पगार दाखवला तर १७ ते ३० जूनच्या लाभावर आक्षेप येतो आणि दावा अडकतो. तिला काही अधिक द्यायचेच असेल तर ते पगाराच्या रकान्यात न टाकता मदत म्हणून वेगळे लिहावे.

ज्यांनी कामगाराची विम्यात नोंदच केलेली नाही, त्यांनी एक ध्यानात ठेवावे. वर्गणी न भरल्यामुळे कामगाराचा लाभ बुडाला किंवा कमी झाला, तर त्याची भरपाई मालकाकडून वसूल होऊ शकते. कामगार ठेकेदाराचा असला तरी वर्गणीची पहिली जबाबदारी मूळ मालकावर येते. दरमहा भरायची वर्गणी वाचवून सहा महिन्यांच्या पगाराचे ओझे अंगावर घेण्यात व्यापारी शहाणपण नाही.

धडा चौथा : लाभ मालकाने द्यायचा असेल तर

आपली पहिली भगिनी २३,४०० रुपये पगाराची, विम्याच्या मर्यादेबाहेरची. तिचा प्रसूतिलाभ मालकाने द्यायचा आहे. त्यासाठी जूनचा ९०० चा दर चालणार नाही. कायद्याने दर ठरवण्यासाठी रजेच्या लगतचे आधीचे तीन महिने सांगितले आहेत. त्या काळात काम केलेल्या दिवसांच्या वेतनाची सरासरी काढायची आणि ती सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाच्या खाली जाऊ द्यायची नाही.

मार्च, एप्रिल आणि मे धरू. तीन महिन्यांचा पगार ७०,२०० रुपये. दिवस ९२, त्यात गुरुवार १३, म्हणजे कामाचे दिवस ७९. साप्ताहिक सुट्टीचा पगार मासिक पगारात धरलेला आहे असे मानून ९२ ने भागले तर दर ७६३.०४ रुपये येतो. कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवून काम केलेल्या ७९ दिवसांनी भागले तर दर ८८८.६१ रुपये. पगारात सुट्टी धरलेली आहे की नाही, हे नेमणूकपत्रातच स्पष्ट लिहिलेले असावे. ते लिहिलेले नसेल तर कामगार ७९ चा भागाकार मागू शकते, आणि कायद्याचे शब्द तिच्या बाजूला आहेत. रोजंदारीवरच्या कामगाराला सुट्टीचा पगारच नसतो, तेथे भागाकार काम केलेल्या दिवसांनीच होतो.

भाजक कोणताही असो, गुणताना मात्र आठवड्याचे सातही दिवस धरावे लागतात. याबद्दल शंका उरलेली नाही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे कोईमतूर भागातील एका मळ्याचा खटला आला होता, बी. शाह विरुद्ध कामगार न्यायालय, कोईमतूर. त्या वेळी रजा १२ आठवड्यांची होती. मालकाने रविवार वगळून ७२ दिवसांचे पैसे दिले, कामगार स्त्रीचे म्हणणे ८४ दिवसांचे मिळावेत असे होते. न्यायालयाने सांगितले की आठवडा म्हणजे सात दिवस, बिनपगारी रविवारही त्यात आला. ८४ दिवसांचा लाभ द्यावा लागला.

आजच्या २६ आठवड्यांत सुट्टीचे २६ दिवस येतात. ते वगळले तर १८२ ऐवजी १५६ दिवसच उरतात. ७६३.०४ च्या दराने १८२ दिवसांचे १,३८,८७३ रुपये होतात, १५६ दिवसांचे १,१९,०३४. म्हणजे गुरुवार कापणारा मालक एका बाळंतपणात १९,८३९ रुपये कमी देतो. ही ती मोठी चूक. जूनच्या पगारातील तिसरी पद्धत आणि ही चूक, दोन्हींचे मूळ एकच आहे.

आणखी एक पळवाट बंद झाली आहे. पगाराचे तुकडे पाडून मूळ वेतन लहान दाखवायचे आणि लाभ तेवढ्यावरच द्यायचा, असे काही ठिकाणी चालत असे. नव्या संहितांत वेतनाबाहेर ठेवता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापर्यंतच मान्य आहेत. त्यावरची रक्कम वेतनातच धरली जाते. २३,४०० पैकी ९,००० मूळ वेतन दाखवले तरी हिशेबाला निदान ११,७०० धरावेच लागतील.

ताळा करून पाहा

गणित केले की ताळा करावा, ही शाळेतली सवय येथे फार उपयोगी पडते. जूनमध्ये तिला दोन्ही मिळून किती मिळाले? १४ कामाच्या दिवसांचा पगार १२,६००. १७ ते ३० जून या १४ दिवसांचा लाभ, ७६३.०४ च्या दराने, १०,६८३. बेरीज २३,२८३. पूर्ण पगाराच्या जवळपास आकडा आला, म्हणजे हिशेब ताळ्यावर आहे. ८८८.६१ चा दर घेतला तर बेरीज पगारापेक्षा थोडी जास्त होईल.

दोन्हीकडे गुरुवार कापणाऱ्याचा आकडा पाहा. पगार १०,९२०, लाभ १२ दिवसांचा ९,१५६, बेरीज २०,०७६. पूर्ण पगाराहून तीन हजारांपेक्षा अधिक तूट. एवढी तूट दिसली की कोठेतरी दोन मापे वापरली गेली, हे ओळखावे. हा ताळा कामगार भगिनीला किंवा तिच्या घरच्यांनाही सहज करता येतो, त्यासाठी वकील लागत नाही.

परत आल्यावरही तोच हिशेब

१६ डिसेंबरला ती परत येते तेव्हा पुन्हा अपुरा महिना येतो. डिसेंबर २०२६ मध्ये गुरुवार पाच आहेत, कामाचे दिवस २६. १६ ते ३१ डिसेंबरमध्ये तीन गुरुवार वजा जाता १३ दिवस उरतात. पगार सव्वीसातले तेरा भाग, ११,७०० रुपये. १ ते १५ डिसेंबरचा लाभ आधीच दिलेल्या रकमेत आलेला आहे. त्यानंतर मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी द्यावी लागते, तिचा पगार कापता येत नाही.

पैशाची तरतूद

लहान मालकाची खरी अडचण आकड्याइतकीच मुदतीचीही असते. जूनचा पगार ७ जुलैच्या आत. बाळंतपणापूर्वीच्या ५६ दिवसांचा लाभ, ४२,७३० रुपये, गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ. उरलेल्या १२६ दिवसांचे ९६,१४३ रुपये बाळंतपणाचा दाखला मिळाल्यापासून ४८ तासांत. मालकाने बाळंतपणाची मोफत वैद्यकीय सोय केलेली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा. म्हणजे ऑगस्टमध्ये दोन दिवसांत जवळजवळ एक लाख रुपये हाताशी हवेत. मोठ्या कंपनीचे बिल साठ-नव्वद दिवसांनी हाती येते हे आपण सर्व जाणतो. म्हणून बातमी कळल्या महिन्यापासूनच रक्कम बाजूला काढायला लागावे. चौथ्या महिन्यात कळले तर चार-पाच महिने हाती असतात, आणि महिन्याला पंचवीस-तीस हजार बाजूला काढणे एकदम लाख उभे करण्यापेक्षा सोपे जाते.

थोडक्यात

१) रजेची तारीख आधी लेखी ठरवा. शेवटचा कामाचा दिवस सर्व कागदांवर एकच असू द्या.

२) अपुऱ्या महिन्याचा पगार : महिन्याचा पगार, भागिले त्या महिन्यातील प्रत्यक्ष कामाचे दिवस, गुणिले काम केलेले दिवस.

३) प्रसूतिलाभ : आधीच्या तीन महिन्यांची रोजची सरासरी, गुणिले रजेचे सर्व दिवस, सुट्टीचे वारही धरून.

४) विमा असेल तर पगार आणि वर्गणी शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंतच दाखवा.

५) पगार आणि लाभ यांची बेरीज पूर्ण पगाराशी ताडून पाहा.

६) हिशेबाचा कागद दोन प्रतींत करा, एक तिच्या हाती द्या.

शेवटची सूचना सर्वांत कमी खर्चाची आहे आणि तिचा फायदा सर्वांत मोठा आहे. आकडा कसा आला हे कागदावर दिसले की संशयाला जागा राहत नाही. हात बसलेली कामगार सहा महिन्यांनी आपल्याच वर्कशॉपमध्ये परत येते, की शेजारच्या शेडमध्ये जाते, हे पुष्कळदा या एका कागदावर ठरते.